अकरा वाघांचा दस्ता

आमच्या बंदुकीच्या दस्त्यावर अकरा खाचा होत्या आणि बाबा म्हणायचे, एक खाच म्हणजे एक वाघ. हे वाघ माझ्या आजोंनी, म्हणजे आजोबांनी, खानापूरच्या रानात मारलेले. मी पाचवीत होते तेव्हा ते नऊ होते. मग बाबांनी एकदा बंदूक उजेडात धरून पुन्हा मोजले आणि दोन वाढले.

दस्ता म्हणजे बंदुकीचं लाकूड. मागचा रुंद भाग खांद्याला टेकवायचा, आणि पुढे ते निमुळतं होत नळीच्या खालून जातं. आमचं लाकूड अक्रोडाचं होतं म्हणे, पण दिसायचं नळाजवळच्या बाकड्यासारखं. कुठे काळं, कुठे पांढुरकं, आणि खालच्या अंगाला तर इतकं झिजलेलं की बोट फिरवलं की खळगा लागायचा. जंगलखात्याचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ही रायफल आजोंना देऊन गेला. आजो गाव सोडून आमच्याकडे लालबागला राहायला आले तेव्हा पोलिसांनी तिचा घोडा आणि आतला खिळा काढून घेतला आणि शिक्क्याचा कागद दिला, की ही वस्तू यापुढे बंदूक नसून शोभा आहे. बाबांनी तो कागद फ्रेम करून तिच्याच खाली टांगला. पाहुण्यांना मात्र तो वाचू देत नसत.

बाबा म्हणजे बाबुराव गावडे, मिलमध्ये जॉबर, विणकरांवरचे मुकादम. पण मिलमध्ये त्यांना कुणी जॉबर म्हणत नाही, 'वाघमाऱ्याचा बाबू' म्हणतात. एखादा नवा विणकर त्यांना उलट बोलला की दुसरा त्याला म्हणतो, "जपून रे, अकरा वाघांचं रक्त आहे." रक्त वाघांचं कसं असेल, आजोंचं असेल, असं मी एकदा सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "मालन, तू पुस्तकं जरा कमी वाच."

सत्तावन्न सालच्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने लालबाग-परळमध्ये दणका दिला आणि त्यानंतर आमच्या चाळीत ज्याची त्याची समिती झाली. नळाची समिती, उंदरांची समिती, आणि या समित्यांच्या सभा एकाच वेळी येऊ नयेत म्हणून आणखी एक समिती. सगळ्यांचे चिटणीस एकच, दुसऱ्या मजल्यावरचे शरच्चंद्रकाका. ते म्युनिसिपालिटीत कारकून आहेत आणि नळाला पाणी आलं हेसुद्धा ठराव मांडल्यासारखं सांगतात.

दर खंडेनवमीला आमच्या चाळीच्या चौकात ज्याचं जे हत्यार असेल ते एका मोठ्या पाटावर मांडतात आणि पूजा करतात. विणकर धोटा ठेवतो, शिंपी कात्री, शरच्चंद्रकाका टाक आणि दौत. त्या वर्षी काकांनी जाहीर केलं की पूजेला मोठ्या समितीचे एक पुढारी येणार, पाटाच्या मधोमध आमची बंदूक असणार, आणि तिच्यावर माझं भाषण होणार. मी नुकतीच दादरला शाळाशाळांच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. तेव्हापासून मला कुठेही चार माणसं एकत्र बसलेली दिसली की उभं राहावंसं वाटायचं.

मग काका बंदूक बघायला आले. दस्त्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाबुराव, हे असं पुढाऱ्यांसमोर ठेवायचं? आपण राज्य मागायला निघालेली माणसं. याला पॉलिश झालंच पाहिजे."

"पॉलिश करायचं तर आधी घासणार," बाबा म्हणाले. "घासलं की खाचा गेल्या. म्हणजे अकराच्या अकरा वाघ मेले."

"ते मेलेलेच आहेत ना?"

"ते आबांनी मारलेत. तुम्ही कशाला मारता?"

खाटेवरून आजो, म्हणजे बाबांचे आबा, म्हणाले, "तेका कोणी हात लावू नकात. माका तो असोच होयो."

आजो दिवसाला दहा-बारा शब्द बोलतात. त्यातले एवढे एका दस्त्यावर गेले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. पण काका आणि बाबा तोवर आवाज चढवून बोलत होते, त्यांना ऐकू आलं नाही. मी ऐकलं. आजोंचे डोळे बंदुकीवर नव्हतेच, काकांच्या बोटावर होते.

सभा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत भरली. इतिवृत्त लिहायला मी, कारण चाळीत वाचता येईल असं अक्षर माझंच. पॉलिशवाले एका बाजूला बसले, बिनपॉलिशवाले दुसऱ्या बाजूला, आणि ज्यांना जागा मिळाली नाही ते जिन्यावर. खाली चौकात पोरांनी घोषणा सुरू केल्या, 'दस्ता चकचकीत झालाच पाहिजे.' त्यांना दस्ता म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण घोषणा झकास बसत होती.

कोंडीराम विणकर बिनपॉलिशवाल्यांत होता. तो म्हणाला, "एकीकडे म्हणायचं महाराष्ट्र अखंड पाहिजे आणि दुसरीकडे घरचा दस्ता घासून कमी करायचा?"

"कमी कसला? वरचं थोडंसंच काढायचंय," काका म्हणाले.

"दिल्लीवाले पण तेच म्हणाले होते. थोडंसंच काढतो, मुंबई फक्त."

यावर दहा मिनिटं नुसत्या टाळ्या. काकांनी मग मुद्दा काढला की झिजलेली शस्त्रं बघून विरोधक काय म्हणतील. कोंडीरामने विचारलं, विरोधक आपल्या चाळीत कशाला येतील. काका म्हणाले, आलेच तर. मतं झाली सात-सात.

मी आजोंचं म्हणणं लिहिलं, 'बंदुकीचे मालक दौलत गावडे यांचा पॉलिशला विरोध आहे.'

काकांनी वही ओढून वाचलं. "दौलतराव सभासद कुठे आहेत? खोली बाबुरावांच्या नावावर. लिही, वयोवृद्ध रहिवासी तटस्थ."

"पण ते तटस्थ नाहीत काका. चिडलेत ते."

"चिडलेत हा शब्द इतिवृत्तात येत नाही."

शेवटी ठरलं की तज्ज्ञ आणावा. समोरच्या चाळीत रामजी कांबळे राहतात, गिरगावातल्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. बड्या लोकांच्या दिवाणखान्यातली कपाटं त्यांच्या हाताखालून जातात. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, चपला बाहेर काढल्या, आणि बसायच्या आधी म्हणाले, "एक सांगतो. दसऱ्याच्या अलीकडे-पलीकडे दोन दिवस मी मिळणार नाही. गेल्या वर्षी आम्ही नागपूरला दीक्षा घेतली, आमचा दसरा आता वेगळा. तेव्हा करायचं की नाही ते आज ठरवा."

खोलीत बाबा, शरच्चंद्रकाका, आजो आणि मी. आई चहा टाकत होती. रामजींनी बंदूक मांडीवर आडवी घेतली, खिडकीकडे वळले, अंगठ्याने लाकूड दाबलं, वास घेतला. डॉक्टर पोट तपासतो तसं.

"वाघ आधी बघा," बाबा म्हणाले. "अकरा आहेत. आमच्या आबांनी स्वतः कोरलेत."

रामजींनी खाचा पाहिल्या. "या कोरलेल्या नाहीत."

"म्हणजे?"

"चाकूची खाच दोन्ही कडांना सारखी उतरते. या एकाच बाजूला दबलेल्या आहेत. लोखंडाच्या पट्टीवर घासून पडतात अशा. बैलगाडीतून नेत असतील आडवी टाकून."

बाबा हसले. "बैलगाडीला काय कळतंय वाघाचं."

"तेच म्हणतोय मी." रामजींनी बंदूक उलटी केली. "आता हे बघा. नेम धरणाऱ्याचा गाल इथे लागतो. इथली चपडी, लाखेचं पॉलिश, अजून चमकतेय, विलायतेहून आली तेव्हाची असेल. मुठीत धरतात ती जागा, तीही जवळजवळ कोरी. आणि झीज आहे ती सगळी इथे, खाली, मधोमध. माणूस बंदूक खांद्यावर आडवी टाकून मैलोनमैल चालतो ना, तिथली." त्यांनी खळग्यावर तळहात ठेवला. "ही बंदूक चालवली कमी, वाहिली फार. चालवणारा एक, वाहणारा वेगळा."

आईचा चहा उकळून वर आला तरी ती हलली नाही.

"आबा," बाबा म्हणाले, "सांगा ना यांना."

आजो खाटेवर सरळ बसले. "खरा सांगता तो. बावीस वर्सां माज्या खांद्यार. सायब पुढे, मी मागे. वाघ दिसलो की मी बंदूक देयचंय आणि झाडामागे जायचंय."

"आणि अकरा वाघ?"

"एक. तो सायबान मारल्यान. म्हातारो होतो, तोंडात दात नाय होते."

मला हसू आलं आणि त्याच क्षणी बाबांकडे बघून ते गेलंही. बाबांचा चेहरा बघवत नव्हता. "तुम्ही कधी बोलला नाहीत," ते म्हणाले.

"तू कधी इचारलंस? तू सांगत होतंस, मी आयकत होतंय. तुका बरा वाटता म्हणान गप रवलंय."

बाबा रामजींकडे वळले. "रामजी, पॉलिश करा. आजच. खालून चांगलं घासा, खळगा राहता कामा नये."

शरच्चंद्रकाका म्हणाले, "माझा तर पहिल्यापासून हाच आग्रह होता." आणि मला हळूच, "लिही. ठराव एकमताने मंजूर."

इतके दिवस चाळीत एकमत झालं नव्हतं. झालं ते असं. ज्यांना शौर्य दिसावं म्हणून लाकूड राखायचं होतं, त्यांना आता शौर्य दिसावं म्हणून तेच लाकूड घासायचं होतं. मी वही उघडली, पण पेन चालेना.

"कागदावर मालक कोण?" रामजींनी विचारलं. मी फ्रेममधला कागद वाचून दाखवला, दौलत विठू गावडे. रामजी आजोंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं, आजोबा?"

"नको."

"मग झालं." त्यांनी बंदूक खाली ठेवली, चपडीची बाटली पिशवीत घातली. दारात त्यांनी उजवा अंगठा आजोंपुढे धरला. तो वरून सपाट झाला होता, लाटल्यासारखा. "तीस वर्षं लोकांची कपाटं चोळून. याला कुठे पॉलिश करून घेऊ?" आजो पहिल्यांदा हसले. चहा मात्र रामजींनी प्यायला नाही, वेळ नव्हता.

पण ठराव काकांनी स्वतःच लिहून टाकला होता आणि बाबांना तेवढं पुरे होतं. खंडेनवमीच्या आदल्या दुपारी मी शाळेतून आले तर ते पहिली पाळी करून आलेले, शर्टसुद्धा न काढता जमिनीवर बसलेले, मांडीवर बंदूक आणि हातात पॉलिश पेपर. आजो खाली न्हाव्याकडे गेले होते, दाढीला. बाबांनी वेळ साधली होती. पेपर लाकडाला अजून लागला नव्हता, पण त्याची घडी घालून झाली होती.

"बाबा, तुम्ही घासलंत तर उद्या भाषणात मी खरं काय ते सांगेन."

"आणि नाही घासलं तर?"

याचा मी विचार केला नव्हता. "तरी सांगेन," मी म्हणाले. दादरच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले होते की मुलीच्या बोलण्यात जोर आहे, धोरण नाही.

बाबा ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. "दसरा झाला की मी मिलमध्ये जाणार," ते म्हणाले. "चारशे माणसं असतात पाळीला. काय म्हणतील मला, सांग. हमालाचा बाबू? तू टाळ्या घेऊन घरी येशील. मला तिथे रोज उभं राहायचंय."

मी दप्तर खांद्यावरून उतरवून कोपऱ्यात ठेवलं.

दारात आजो उभे होते, एका गालाला साबण तसाच. न्हाव्याला अर्ध्यात सोडून आले होते, का ते त्यांनी सांगितलं नाही. ते बाबांच्या शेजारी बसले, गुडघे धरत धरत. बाबांच्या हातातला पेपर त्यांनी घेतला नाही. मोकळा हात तेवढा धरला आणि खळग्यावर नेऊन ठेवला.

"तुजो जल्म झालो तेवा मी रानात होतंय. तुजी आय गेली तेवा पण रानात. घराक सांगण्यासारखा माज्याकडे ह्याच. आता घासतलंस तर घास."

आणि उठून ते उरलेली दाढी करायला गेले.

बाबांनी पेपरची घडी उलगडली. मग पेपर त्यांनी गादीखाली सरकवला. काय ठरवलं ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एक प्रश्न गिळला.

खंडेनवमीला चौकात पाट मांडला. धोटे, कात्र्या, करवती, मोलकरणींच्या विळ्या, टाक-दौत. बंदूक बाबांनीच आणून मधोमध ठेवली, पण खळगा खाली, पाटाला लागून. वरून गाल टेकवायची चमकणारी जागा तेवढी दिसत होती. पुढारी नऊला येणार होते. दहा झाले, साडेदहा झाले. पूजा उरकली, पेढे वाटून झाले, लोक चुळबुळायला लागले. शरच्चंद्रकाका घामाघूम. "मालन, तू सुरू कर. ते येईपर्यंत ताण. वाघांची वर्णनं लांबव."

माझं भाषण पाठ होतं. पहिलंच वाक्य होतं, 'घनघोर अरण्यात एक डरकाळी घुमली.' मी माइकसमोर उभी राहिले, आजोंकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते.

"या बंदुकीने माझ्या आजोंनी एकही वाघ मारला नाही," मी म्हणाले. "मारला तो साहेबाने, आणि त्या वाघाला दात नव्हते."

चौकात कुणीतरी पेढा चावायचा थांबला. मी पुढे सांगत गेले. साहेब पुढे, आजो मागे, बावीस वर्षं. गाडीच्या पट्टीने पडलेल्या खाचा. गालाची जागा कोरी आणि खांद्याची झिजलेली. म्हणाले, आज आपण आपापल्या कामाचं हत्यार पुजतो, आजोंचं काम बंदूक वाहणं होतं, तर त्यांचं हत्यार म्हणजे या बंदुकीची तेवढी खालची बाजू. बाकीची साहेबाची. ती आपण कशाला पुजायची? एवढंच बोलले. ताणायचं विसरलेच.

टाळी नाही. मला वाटलं, संपलं, बाबा आता मिल सोडणार.

मग कोंडीराम म्हणाला, "त्यात काय? मी वीस वर्षं कापड विणतोय. त्यातलं एक धोतर माझ्या अंगाला नाही." आणि थोडा थांबून, "बाबूशेट, ती जागा दाखव की. उलटी ठेवलीस कशाला?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा जागचे हलले नाहीत. मग ते उठले, पाटाशी वाकले आणि बंदूक उलटी केली. खळगा वर आला. नुसतं हातानेच दाखवलं, इथे. विणकर एकेक करून पुढे आले. कुणी हात लावला, कुणी स्वतःचा खांदा चाचपला. एकाने बाबांना विचारलं, "दिवसाला किती कोस चालायचे रे तुझे आबा?" बाबा म्हणाले, "ठाऊक नाही. विचारतो."

एवढ्यात मोटार आली. पुढारी हार घालूनच उतरले, वाटेत आणखी दोन चाळी झाल्या होत्या. माइक हातात घेतला आणि बंदुकीकडे न बघता सुरू झाले. या रायफलीने सतरा वाघ लोळवले. कुठे? खानापूरला. आणि खानापूर कुणाचं? आमचं. मग ते वाघ कुणाचे? तेही आमचे, मराठी वाघ. ज्या भूमीत वाघसुद्धा मराठी, ती भूमी परक्या राज्यात कशी? प्रचंड टाळ्या. कोंडीरामने वाजवल्या, बाबांनी वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण भाषण खरंच झकास होतं. मराठी वाघ मराठी माणसांनीच का लोळवावेत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आजोंनी मला जवळ बोलावून विचारलं, "सतरा खयसून इले?"

मोटार गेल्यावर शरच्चंद्रकाका खळग्यापाशी आले. ते फार हेलावले होते. म्हणाले, ही कष्टकऱ्यांच्या खांद्याची निशाणी आहे, ती जपलीच पाहिजे, रोज इतके हात लागले तर खराब होईल, तेव्हा वरून व्हार्निशचा एक जाड थर द्यावा आणि भोवती पितळी पट्टी ठोकावी, नाव कोरून. "ठराव मी मांडतो. पॉलिशचा ठराव अजून रद्द झालेला नाही, त्याच्यातच दुरुस्ती सुचवू."

"हात लावू नका," बाबा म्हणाले.

"अहो, पण जतन करायला..."

"काका, तटस्थ राहा जरा."

मी वहीत बघत राहिले, मान वर केली असती तर हसू फुटलं असतं.

पूजेचं कुंकू खळग्यात साचलं होतं. आजोंनी धोतराच्या सोग्याने ते हळूहळू पुसून काढलं, नखाने कडा साफ केल्या. मग बंदूक उचलायला वाकले. तीन मजले चढायचे होते आणि त्यांना अलीकडे रिकाम्या हातांनीही दम लागतो. बाबांनी पुढे होऊन ती उचलली आणि खांद्यावर टाकली. पोलिस परेडला टाकतात तशी, नळी आभाळाकडे.

"तशी न्हय," आजो म्हणाले. "आडवी. नळी पुढे. हात नळयेर."

बाबांनी बदलली. दोन पावलं चालले तर ती मागे घसरली. पुन्हा सावरली, पुन्हा घसरली. चौकातली माणसं बघत होती, पाळीला असतात त्यातलीच बरीचशी. आजो मागे गेले, दस्त्याला तळहात लावून बंदूक चार बोटं पुढे सरकवली आणि वरून जरा दाबली.

"हां. आता मान वाकडी करू नको. चल."

बाबा जिना चढायला लागले आणि आजो त्यांच्या मागून.